सीई सर्टिफिकेट विकत घेण्याआधी हे वाचा

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल या औद्योगिक पट्ट्यात सध्या ‘तुमचा माल युरोपात पोचवतो’ म्हणणारे सल्लागार शेडोशेड फिरतायत. त्यातल्या एकाने आम्हाला २ लाख ४० हजारांची टोपी घातली. आम्ही स्टेनलेस स्टीलचे बॉल व्हॉल्व्ह करतो, बहुतेक १५, २० आणि २५ मिमीचे. छोट्या कारखान्याला बाहेरची पार्टी हवीच असते, हे ओळखूनच ही मंडळी दारात येतात.

पॅकेजमध्ये आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड), सीई सर्टिफिकेट (माल युरोपच्या नियमांत बसतो असं सांगणारा कागद), ‘खात्रीच्या’ खरेदीदारांची यादी आणि जर्मनीतल्या प्रदर्शनात स्टॉल असं सगळं होतं. आयईसीचे त्याने १८ हजार लावले. डीजीएफटी, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या साइटवर हे काम ५०० रुपयांत घरबसल्या होतं. यादी म्हणजे एक एक्सेल शीट. निम्मे मेल परत आले आणि एक पत्ता तर पुस्तकांच्या दुकानाचा निघाला. स्टॉल आजतागायत दिसलेला नाही.

खरा घोळ सीईचा. सर्टिफिकेट देखणं होतं. निळी किनार, सोनेरी शिक्का, कोपऱ्यात क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की ‘व्हॅलिड’ अशी हिरवी खूण यायची, पण ती साइट सर्टिफिकेट देणाऱ्याचीच! चोराने स्वतःलाच चारित्र्याचा दाखला द्यावा तसं. त्याच्या सांगण्यावरून व्हॉल्व्हच्या बॉड्यांवर लेझरने सीईची खूण मारून घेतली. नमुने नेदरलँड्सच्या एका पार्टीकडे गेले आणि तिकडून दोन ओळींचा मेल आला: या मापाला सीई का मारलीय?

त्यांचं बरोबर होतं. युरोपात व्हॉल्व्हना दाबाच्या उपकरणांचा नियम लागतो, २०१४/६८/ईयू. २५ मिमी आणि त्याखालचे साधे व्हॉल्व्ह त्याच्या कलम ४(३) मध्ये येतात. माल चांगल्या अभियांत्रिकी पद्धतीने बनवा, पण या नियमाखाली सीई लावू नका, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ज्या कागदाचे सव्वा लाख मोजून घेतले, तो आमच्या मालाला लागत तर नव्हताच, वर नडत होता.

मोठ्या मापांना सीई लागू शकते. तिथे माप, दाब आणि आतून काय वाहणार यावरून धोक्याचा प्रकार ठरतो. खालच्या प्रकारात कारखानदारच कागदपत्रं तयार करून आपल्या सहीने घोषणा करतो. वरच्या प्रकारांत नोटिफाइड बॉडी, म्हणजे युरोपची मान्यता असलेली तपासणी संस्था लागते आणि तिला चार आकडी क्रमांक असतो. हा क्रमांक युरोपियन कमिशनच्या नॅंडो यादीत फुकट शोधता येतो. मात्र नाव सापडलं म्हणून हुरळू नका, त्या संस्थेला २०१४/६८ साठीच मान्यता आहे का ते बघा. खेळण्यांसाठी मान्यता असलेली संस्था व्हॉल्व्हला चालत नाही. आमच्या सर्टिफिकेटवर तर क्रमांकाचाच पत्ता नव्हता.

गंमत म्हणजे पार्टीला हवं होतं ते भलतंच साधं: मटेरियलचं ३.१ टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे धातूच्या तपासणीचा दाखला, हीट नंबरसह (धातू ज्या घाण्यात वितळवला त्याचा नंबर). ते आमची फाउंड्री मागितलं की देते.

पैशांचं म्हणाल तर करारात ‘मार्गदर्शन शुल्क, परत मिळणार नाही’ हे बारीक अक्षरात आहे आणि जीएसटीचं बिल पक्कं. पोलिस ठाण्यात ‘दिवाणी मामला आहे’ म्हणून वाटेला लावलं. वकिलाच्या नोटिशीला उत्तर आलं की ठरलेले सगळे कागद दिले आहेत. स्टॉलबद्दल त्यात अवाक्षर नाही. प्रदर्शनाला जायचंच असेल तर ईईपीसीसारख्या (अभियांत्रिकी मालाच्या) निर्यात परिषदेचे थेट सभासद होऊन चौकशी करा, मधला माणूस लागत नाही.

कुणी असा करार केला असेल आणि दुसरा हप्ता बाकी असेल, तर तो आजच थांबवा. आणि नॅंडोवर बघितल्याशिवाय मार्किंगचं काम बाहेर देऊ नका. खुणा घासून पुन्हा पॉलिश करायला आमचे आणखी २२ हजार गेले.