होंडा एक्सआर १५० एल: फिलिपिन्सच्या बेटांवर महिनाभरासाठी भाड्याने घ्यावी का?

सेबू, नेग्रोस, सिकिहोर, बोहोल आणि कामिगिन ही पाच बेटं महिनाभरात निवांत फिरायची असतील, तर तिथे भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांत होंडाची एक्सआर १५० एल ही मोटारसायकल सर्वांत कामाची. स्कूटर साधारण ३५० ते ५०० पेसो रोजाने मिळते, एक्सआरला त्याच्या दुपटीच्या आसपास मोजावे लागतात. एकाच बेटाचा किनारी रस्ता फिरायचा असेल तर स्कूटरच घ्यावी, उगाच जास्त पैसे घालू नयेत. सिकिहोरला वळसा घालणारा रस्ता जेमतेम ७५ किलोमीटरचा, कामिगिनचा ६४ च्या आसपास, आणि बहुतेक ठिकाणी चांगलं काँक्रीट. पण किनारा सोडून डोंगराकडे वळलं की काँक्रीट अचानक संपतं आणि पुढे खडी नाहीतर चिखल लागतो. तिथे स्कूटरची लहान चाकं नडतात. एक्सआर निमूटपणे चढून जाते.

इंजिन १४९ सीसीचं, एअर-कूल्ड, पाच गिअर. रेडिएटर नाही, म्हणजे तेवढं एक दुखणं कमी. ताशी ६०-७० ला गाडी सुखाने चालते, ८० च्या पुढे हँडल आणि फूटपेग थरथरायला लागतात. या रस्त्यांवर त्याहून जास्त वेग लागतही नाही: पुढच्या वळणावर अर्धी लेन वाळत घातलेल्या भाताने किंवा मक्याने अडवलेली असते आणि कुत्री रस्त्यातच झोपलेली असतात. बोहोलमध्ये लोबोक आणि बिलार यांच्यामधल्या महोगनीच्या रानात तर ४० पुरे. वर फांद्यांचं छत असल्याने ऊन पोहोचत नाही, सकाळी उशिरापर्यंत रस्ता ओला राहतो आणि कडेला शेवाळ धरतं. तिथे पुढचा डिस्क ब्रेक वळणात दाबू नये, वेग आधीच उतरवावा.

टाकी मोठी, हा या गाडीचा खरा फायदा. ॲव्हरेज ३५ ते ४० मिळतं, त्यामुळे पंपावर भरलं की तीन-चार दिवस बघायला नको. लहान स्कूटरवाल्यांना आतल्या गावांत दुकानाबाहेर शीतपेयाच्या बाटल्यांतून विकलं जाणारं पेट्रोल घ्यावंच लागतं. तिथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि बरेच दिवस ठेवलेल्या बाटलीत तळाला पाणी साचू शकतं. घ्यायची वेळ आलीच तर बाटली उजेडात धरून बघावी आणि तळाचं दोन बोटं पेट्रोल टाकीत ओतू नये.

आता उणिवा. सीट अरुंद आणि कडक आहे, दीड तासानंतर बसवत नाही. जाळीचं कव्हर घरून न्यावं. सीटची उंची ८२५ मिलिमीटर, त्यामुळे कमी उंचीच्या माणसाचे पाय टेकत नाहीत. रस्त्यावर त्याचं फारसं काही वाटत नाही, पण फेरीच्या ओल्या लोखंडी रॅम्पवर मागे सामान बांधलेलं असताना गाडी पडते ती याच कारणाने. आखूड पायांच्या माणसाने रॅम्पवर सरळ सीटवरून उतरून, पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडत गाडी चालत न्यावी.

चाकं तारांची आणि ट्यूबची. पंक्चरची चिंता नाही, ‘व्हल्कनायझिंग’ अशी पाटी रंगवलेलं दुकान दर गावात असतं. अडचण ट्यूब फाटली तरच. मागची १७ इंची ट्यूब कुठेही मिळते, कारण तिथल्या बहुतेक कामाच्या गाड्यांना तेच चाक असतं. पुढची १९ इंची मात्र लहान बेटांवर शोधून सापडत नाही. सोबत एकच ट्यूब नेणार असाल तर १९ ची न्या. तारांवर दर तीन-चार दिवसांनी पाना हलकेच आपटून बघावा. खणखणीत न वाजता बद्द आवाज आला, तर ती तार सैल आहे.

गाडीपेक्षा जास्त डोकं घालावं लागतं ते कागदांत. भाड्याच्या बहुतेक करारांत गाडी बेटाबाहेर न्यायला मनाई असते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा, आणि ‘हो’ म्हणणाऱ्याकडून मालकाचं अधिकारपत्र घ्यावं: गाडीचा नंबर, तुमचं पासपोर्टवरचं नाव, तारखा आणि बेटांची नावं असलेलं, शक्यतो नोटरी केलेलं. सोबत ओआर आणि सीआर, म्हणजे नोंदणीशुल्काची पावती आणि नोंदणीपत्र, यांच्या प्रती. दर बंदरावर एक-एक संच द्यावा लागू शकतो, तेव्हा दहा झेरॉक्स काढून ठेवाव्यात.

नंबरप्लेटही बघून घ्यावी. तिथे नोंदणीच्या नूतनीकरणाचा महिना प्लेटच्या शेवटच्या अंकावर ठरतो: ३ म्हणजे मार्च, ० म्हणजे ऑक्टोबर. मार्चमध्ये फिरणार आणि प्लेट ३ ने संपत असेल, तर प्रवासाच्या मध्यावरच मुदत टळू शकते. नूतनीकरणाची नवी पावती हातात घेतल्याशिवाय अशी गाडी घेऊ नये. अनामत म्हणून पासपोर्ट मागितला तर देऊ नये, रोख रक्कम ठेवावी.

बंदरावर साधारणपणे आधी कोस्ट गार्डच्या टेबलावर कागद दाखवायचे, मग जहाज कंपनीकडे गाडीची पावती, त्यानंतर बंदराचं शुल्क आणि शेवटी स्वतःचं तिकीट. सुटण्याच्या दोन तास आधी पोहोचावं. हाग्ना (बोहोल) ते कामिगिन आणि लारेना (सिकिहोर) ते तागबिलारान (बोहोल) या मार्गांवर फेऱ्या मोजक्याच असतात, वेळापत्रक बंदरावर विचारूनच पक्कं करावं. जहाजात गाडी पहिल्या गिअरला टाकावी, पुढचा ब्रेक रबराने आवळून ठेवावा आणि दोर सीटवरून जात असेल तिथे खाली पुठ्ठा घालावा. उतरल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल द्यावं. खारं पाणी चेन आणि तारा आवळायचे निपल खातं.

भारतीयांना पर्यटनासाठी मिळणारा व्हिसामुक्त प्रवेश १४ दिवसांचाच आहे आणि तो वाढवून मिळत नाही. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर किंवा ब्रिटनचा चालू व्हिसा असेल तर ३० दिवस. नाहीतर आधीच रीतसर व्हिसा काढावा. आपला परवाना तिथे ९० दिवस चालतो, पण त्यावर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग हवा. विम्यासाठी आंतरराष्ट्रीय परवानाही न्यावा, आणि पॉलिसीत सीसीची मर्यादा वाचावी. अनेक पॉलिसी १२५ सीसीच्या वर भरपाई देत नाहीत. हेल्मेट सक्तीचं आहे, पहिला दंड १५०० पेसो.

वाहतूक उजवीकडून. गर्दीत चूक होत नाही, कारण पुढे गाड्या असतात. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना. निघण्याआधी ‘उजवीकडे’ असं मोठ्याने म्हणण्याची सवय लावावी, आणि टाकीवर बाणाची चिकटपट्टी लावली तर उत्तम.

महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर होतात, म्हणजे मध्ये एकदा ऑइल बदलावं लागेल, सुमारे एक लिटर. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलंच घ्यावं. शेजारीच ठेवलेलं ‘एमबी’ स्कूटरसाठी असतं, त्याने या गाडीचा क्लच घसरायला लागतो.

फेब्रुवारी ते मे हा काळ बरा, फक्त होली वीकमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, बंदरांवर पाय ठेवायला जागा नसते. जून ते डिसेंबर वादळांचा धोका. २०२१ चं ओडेट तर डिसेंबरच्या मध्यावर आलं होतं. वादळाचा इशारा लागला की कोस्ट गार्ड फेऱ्या थांबवतं, आणि मग लहान बेटावर गाडीसकट अडकायला होतं. म्हणून कामिगिन आणि सिकिहोर महिन्याच्या पूर्वार्धात उरकावीत आणि परतीच्या विमानाआधीचे तीन दिवस सेबू बेटावरच असावं.