खरवडावं की नाही: क्रिप्टो तिकिटाचे नऊ महिने

गेल्या दिवाळीत भाची युरोपातून आली तेव्हा चॉकलेटांच्या खाली, पुठ्ठ्याच्या पाकिटात, माझ्यासाठी एक तिकीट होतं. एटीएम कार्डाएवढं. डाव्या अर्ध्या भागात टपालाचं तिकीट, उजव्या अर्ध्या भागात चंदेरी खरवडपट्टी. "मामा, हे क्रिप्टो तिकीट आहे. अर्धं पत्राला लागतं, अर्धं इंटरनेटवर आहे." तसंच दुसरं तिनं स्वतःजवळ ठेवलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो.

देशाचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या तक्रारी एका टपाल खात्याबद्दल नाहीत, या प्रकाराबद्दलच आहेत. बँकेत कॅशियर म्हणून एकतीस वर्षं काढली आणि तिकिटं त्याच्याही आधीपासून जमवतो. तेव्हा हा अनुभव एका जुन्या संग्राहकाचा आणि एका जुन्या खातेवहीवाल्याचा आहे असं समजून वाचा.

पहिले सव्वीस दिवस मी काहीच केलं नाही, कारण पट्टी खरवडायला हात धजेना. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. पण ज्यानं आयुष्यभर तिकिटाला बोट लावलं नाही, चिमट्यानं उचललं, मागचा डिंक शाबूत राहावा म्हणून हिंज (तिकीट अल्बमात चिकटवायची कागदी पट्टी) लावणं सोडलं, त्याला कुणी सांगावं की आता एक रुपयाचं नाणं घे आणि मोबाईलच्या जुन्या रिचार्ज कार्डासारखं हे घास? खरवडलं तर तिकीट 'मिंट', म्हणजे छापखान्यातून आल्यासारखं कोरं, राहत नाही. न खरवडलं तर निम्मी वस्तू आपल्याला दिसतच नाही. ज्यानं हे बनवलं त्यानं संग्राहकाला विचारलं नसावं, असं मला पहिल्याच आठवड्यात वाटलं आणि ते मत अजून बदललेलं नाही.

शेवटी भाचीनं फोनवर धीर दिला आणि खरवडलं. आत संकेताक्षरांची लांबलचक ओळ. ती वापरून इंटरनेटवरचं जुळं चित्र माझ्या फोनमधल्या वॉलेटमध्ये, म्हणजे अशा वस्तू सांभाळणाऱ्या अ‍ॅपमध्ये, हलवायचं. हलवायला शुल्क लागतं आणि ते रुपयात भरता येत नाही, ज्या साखळीवर (ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या संगणकांनी मिळून ठेवलेल्या वहीवर) हे चित्र नोंदलेलं असतं, तिच्या स्वतःच्या डिजिटल नाण्यातच द्यावं लागतं. तेवढी चिल्लर भाचीनं तिकडून पाठवली. नाहीतर एका चित्रासाठी अशी नाणी विकणाऱ्या एखाद्या एक्स्चेंजवर पॅन कार्ड, आधार आणि सेल्फी देऊन खातं उघडत बसलो असतो. चित्र उघडलं तर रंग निघाला सगळ्यात सामान्य. लाल नाही, सोनेरी नाही. घरात कुणाला काही फरक पडला नाही. मला मात्र लॉटरी न लागल्यासारखं झालं आणि आपल्याला तसं वाटलं याचाच राग आला.

ही लॉटरीची रचना अपघातानं आलेली नाही. ऑस्ट्रियाच्या टपाल खात्यानं ११ जून २०१९ रोजी पहिलं क्रिप्टो तिकीट काढलं. त्यावर शिंगवाला घोडा, किंमत ६.९० युरो, एकूण नग १,५०,०००. कागदी तिकीट सगळ्यांचं एकच, पण डिजिटल जुळ्याचे रंग पाच. काळे ७८,५०० आणि लाल फक्त १,५००. स्वित्झर्लंडनं २५ नोव्हेंबर २०२१ ला हाच खेळ १३ चित्रांवर नेला. १,७५,००० तिकिटं, प्रत्येकी ८.९० फ्रँक. सगळ्यात सहज मिळणारं चित्र ६५,००० जणांना, सगळ्यात दुर्मीळ फक्त ५० जणांना. नंतर जर्मनीसह आणखी काही देश या वाटेनं गेले.

दुर्मीळ तिकीट म्हणजे काय, हे आम्हाला शाळकरी वयात वेगळं शिकवलं होतं. १८५४ सालचं आपलं चार आण्याचं तिकीट घ्या. ते दोन रंगांत छापायचं होतं, म्हणजे कागद छापखान्यातून दोनदा जायचा. काही कागद दुसऱ्या वेळी उलटे गेले आणि राणी व्हिक्टोरियाचं डोकं खाली आलं. ती चूक कुणी ठरवून केली नव्हती, म्हणून आज तिला किंमत आहे. लाल घोडा १,५०० च काढायचा हे मात्र एका बैठकीत ठरलं. एकीकडे छापखान्यातल्या कुणाची तरी डुलकी, दुसरीकडे विक्री विभागाचा तक्ता.

या गोष्टीची चीड संग्राहकांना आज आलेली नाही. फक्त संग्राहकांच्या खिशावर डोळा ठेवून तिकिटं काढणाऱ्या देशांविरुद्ध लंडनमध्ये १८९५ साली चक्क एक मंडळ स्थापन झालं होतं. आमच्या पिढीला हा प्रकार पुड्यांतून भेटला. शाळेबाहेरच्या दुकानात मिळणाऱ्या पुडीत अजमान, फुजैरा, उम अल कुवैन या आखातातल्या चिमुकल्या अमिरातींच्या नावांची झगझगीत तिकिटं असायची. वाघ, रॉकेट, फुटबॉलपटू. ते देश नकाशावर शोधताना आमचे डोळे दुखायचे. त्यातली कितीतरी तिकिटं त्या वाळवंटातल्या कुठल्याही पत्रावर कधी लागलीच नाहीत, हे कळलं तेव्हा फसवलं गेल्याचं पहिलं मोठं दुःख झालं. टपाल खात्याची पत कशानं जाते, याचा माझा धडा तोच.

एक दाखला माझ्या विरुद्धही जातो, तो लपवत नाही. भूताननं १९७२ साली चक्क वाजणारी तिकिटं काढली, छोट्या ग्रामोफोन तबकड्याच. त्यावर राष्ट्रगीत आणि लोकगीतं. तेव्हा जाणत्यांनी नाकं मुरडली, आज संग्राहक त्या शोधत फिरतात. आपल्याकडेही २००६ मध्ये चंदनाच्या वासाचं तिकीट निघालं, २०११ मध्ये गांधीजींचं खादीच्या कापडावरचं निघालं. माझ्याकडे चंदनाचं आहे. वास उडालाय, तरी मी ते अधूनमधून नाकाशी नेतो. म्हणजे गंमत म्हटली की मी नाक मुरडतो, असं नाही. पण भूतानची तबकडी आज पिनेखाली ठेवली तरी वाजते, तिला थिम्पूची परवानगी लागत नाही. माझ्या क्रिप्टो तिकिटाचं तसं नाही. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी वॉलेट उघडलं तर चित्राच्या जागी राखाडी चौकोन.

घाबरून भाचीला फोन लावला. तिनं समजावलं ते बँकेच्या भाषेत सांगतो. साखळीच्या खतावणीत नोंद एवढीच असते की अमुक नंबरची वस्तू अमुक खातेदाराची, आणि ती वस्तू पाहायची तर अमुक पत्त्यावर जा. नोंद कुणी खोडू शकत नाही हे खरं. पण चित्र खतावणीत नाही, ते त्या पत्त्यावर, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी संगणकावर असतं. तो संगणक बंद तर चित्र बंद. दोन दिवसांनी चित्र परत आलं. पण टपाल खातं पन्नास वर्षांनी तो पत्ता चालू ठेवेल का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. छापलेल्या तिकिटासाठी खात्याला काहीच चालू ठेवावं लागत नाही. विकलं की संपलं.

त्याआधी होळीच्या सुमारास आणखी एक घोळ झाला होता. जुना फोन मेला. वॉलेट नव्या फोनवर आणायला ते बारा शब्द लागतात जे सुरुवातीला लिहून घ्यायला सांगतात. कांदा, पूल, ढग अशा अर्थाचे सुटे इंग्रजी शब्द. मी ते डायरीत दोन रांगांत लिहिले होते. सौ.नी त्याच पानाच्या मागे दुधाचा हिशोब मांडला होता आणि हे नातवाचं स्पेलिंगचं पाठांतर असावं असं त्यांना वाटलं होतं. महिना संपला की ते पान फाटणारच होतं. पान वाचलं, पण शब्द टाकले तर वॉलेट नाही म्हणे. चार वेळा, पाच वेळा. रात्री अकराला व्हिडिओ कॉलवर भाचीनं डायरी पाहिली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही उभं वाचताय. आडवं लिहिलंय ना? आडवं वाचा." उघडलं.

ज्या टपाल खात्यानं ते तिकीट विकलं, ते या सगळ्यात मला काडीची मदत करू शकलं नसतं. त्यांची इच्छा असती तरी नाही. पोस्टातल्या बचत खात्याचं पासबुक हरवलं तर अर्ज द्यायचा, शुल्क भरायचं, डुप्लिकेट मिळतं. बँकेत चुकीची नोंद पडली तर आम्ही दुसऱ्या दिवशी उलट नोंद करून ती दुरुस्त करत असू. सगळी व्यवस्था याच गृहीतावर चालते की माणूस विसरतो, हरवतो, आडव्याचं उभं वाचतो. ब्लॉकचेन मुळात बांधली तीच 'मधल्या कुणावर विश्वास ठेवायला नको' म्हणून. आणि टपाल खातं म्हणजे मधला विश्वासू माणूसच की! लंडनला १८४० साली पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं टपाल तिकीट निघालं तेव्हापासून तिकीट म्हणजे खात्यानं दिलेला शब्द: पैसे मिळाले, पत्र पोचवतो. तो शब्द खातं स्वतःच पाळतं, स्वतःच तपासतं. त्यासाठी जगभरच्या संगणकांची साक्ष कशाला? ब्रिटनमध्ये रोजच्या वापराच्या तिकिटांवर आता बारकोड असतो. प्रत्येक तिकिटाची वेगळी ओळख, आणि तिची नोंद खात्याच्या स्वतःच्याच वहीत. साखळीशिवायही काम भागतं.

आपल्या टपाल खात्यानं यात पडावं का, असं आमच्या संग्राहक मंडळातल्या एका तरुणानं मला विचारलं. माझं म्हणणं त्याला पटलं नाही, इथेही मांडतो. आपल्याकडे ज्या खिडकीवर तिकिटं मिळतात तिथेच बचतपत्रं आणि किसान विकासपत्रंही मिळतात, आणि ती लोक घेतात ते मागे सरकारची हमी आहे म्हणून. त्याच खिडकीतून, तोच शिक्का असलेली, पण उद्या किंमत शून्य झाली तर कुणीही जबाबदार नसलेली वस्तू विकायची? गावच्या ग्राम डाक सेवकाला ओळखणारी बाई तो फरक कसा करणार? त्यातून अशा वस्तूच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या कशात वळवता येत नाही. जून २०२२ च्या एका अधिसूचनेनं असंही म्हटलं की डिजिटल टोकन (साखळीवरची मालकीची नोंद) दिल्यानं खरी वस्तूही कायदेशीररीत्या हस्तांतरित होत असेल, तर ते यात मोडत नाही. आता माझं क्रिप्टो तिकीट कुठे मोडतं? कागद माझ्याकडे आणि टोकन विकलं तर? माझ्या सीएनं डोकं खाजवलं आणि चहा मागवला.

आणि फसवणूक. वॉलेट उघडल्यापासून त्यात मी न मागितलेली चित्रं येऊन पडतात: 'बक्षीस लागलं, इथे दाबा'. दाबलं की वॉलेट रिकामं. 'तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता भरा' हे टपाल खात्याच्या नावानं येणारे खोटे मेसेज आपल्याकडे आधीच घरोघरी येतात. त्यात 'तुमचं क्रिप्टो तिकीट अडकलंय' याची भर खात्यानं स्वतःच्या हातानं का घालावी?

ब्लॉकचेन चालवायला प्रचंड वीज जाते, हा माझा जुना आक्षेप मात्र मी मागे घेतो. इथेरियम या मोठ्या साखळीनं १५ सप्टेंबर २०२२ ला नोंदी तपासायची पद्धत बदलली आणि वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. तो मुद्दा २०१९ साली खरा होता, आता नाही. तंत्रज्ञान वाईट आहे असंही मी म्हणत नाही. बाजारात माझ्या रंगाचं टोकन विकायला ठेवलेलं दिसतं, विकलं गेलेलं फारसं दिसत नाही. हा फरक न कळणाऱ्यानं यात पैसे घालू नयेत, एवढंच.

आता ते दुसरं तिकीट. जूनमध्ये भाचीनं त्याचा तिकिटाचा भाग सोलून एका साध्या पाकिटाला लावला, वर माझा पत्ता मराठीत आणि इंग्रजीत लिहिला आणि पोस्टात टाकलं. अकरा दिवसांनी ते ठाण्याला आलं. शिक्का थोडा तिरका, तारीख स्वच्छ, पाकिटाचा एक कोपरा पावसानं मऊ पडलेला. खरवडपट्टीचा अर्धा भाग तिच्याकडे तिच्या फ्रीजवर चुंबकाखाली आहे, म्हणजे आमच्या तिकिटाचे दोन तुकडे दोन खंडांत.

माझं खरवडलेलं कार्ड आणि ते बारा शब्द मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेत, शब्दांवर 'आडवं वाचा' असं मोठ्या अक्षरात लिहून. पाकीट अल्बममध्ये लावलंय, पहिल्या पानावर. तिसरं घेणार नाही. भाचीला सांगितलंय की पुढच्या वेळी साधं, रोजच्या वापराचं तिकीट लाव आणि शिक्का मारणाऱ्याला म्हण, जरा नीट बसव.