गांडूळखत की बोरू?

काटोलहून भाच्याचा फोन आला, "मामा, संत्र्याच्या बागेत गांडूळखत टाकू की बोरू पेरू? जमीन पार दगड झाली." बोरू म्हणजे ताग, हिरवळीच्या खतासाठी पेरतात ते पीक. जाऊन पाहिलं. दोन ओळींमधली काळी माती कुदळीनं उकरली तर नुसतं ढेकूळ. ना बारीक मुळी, ना गांडुळाचं बीळ.

खर्चात बोरू सरळ स्वस्त. एकरी 20-25 किलो बियाणं, बस. गांडूळखत विकत घेऊन चार एकरांना पुरवणं परवडत नाही. गोठ्यात जनावरं असली तरच घरचं होतं.

मेहनत दोन्हीकडे आहे. गांडूळखताच्या वाफ्याला रोज ओल, सावली आणि मुंग्यांपासून राखण लागते. बोरूला वेळ साधावी लागते: 45-50 दिवसांनी फुलावर येताच कापायचा, नाहीतर काड्या निबर होतात. बागेत तो नांगरून गाडू नका. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात, ती तुटतात. कापून तिथंच अंथरा.

खरा फरक टिकण्यात आहे. वाफ्यातली आयसेनिया फेटिडा ही गांडुळाची जात कुजत्या पाल्यात जगते, काळ्या रानात खोल बिळं करत नाही. ते काम गावरान गांडुळांचं, आणि ती आच्छादनाखाली परततात. बोरूची मुळी उपटून गाठ फोडा, आतून गुलाबी दिसली की नत्र बांधणारे जिवाणू कामाला लागलेत.

गुरं असतील, झाडं थोडी किंवा कलमं नवी असतील तर गांडूळखत. मोठी बाग, एखादीच गाय, तर बोरू. भाच्याला बोरूच सांगितला. घरचं थोडं खत फक्त खंगलेल्या झाडांना. तणनाशक मात्र दोन्हीत बंद.