दहा हजार लिटरची टाकी आणि अकरा महिने

नळजोडणी नाही, विजेची तार नाही, कोरडा मुलूख. दोघांच्या घरासाठी ६० चौरस मीटर पत्रा, पन्हळ आणि १०,००० लिटरची काळी टाकी बसवली. चार महिने पावसाचे, सात कोरडे, असा अकरा महिन्यांचा हा अनुभव.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्याकडे ३८० मिमी पडला. उडालेलं, पन्हळीबाहेर गेलेलं वजा जाता साधारण १८,००० लिटर हाती यायला हवं होतं. पण पाऊस हप्त्याहप्त्यानं थोडाच येतो! दोन दणकेबाज सरींत टाकी भरून वाहिली आणि आम्ही नुसते बघत बसलो.

सगळ्यात कामाची वस्तू निघाली खुणा केलेली काठी. आमच्या टाकीत एक सेंटीमीटर म्हणजे ४५ लिटर. तोटी तळापासून दहा सेंटीमीटर वर (गाळ खाली राहावा म्हणून), म्हणजे वापरायला उरले २१० सेंटीमीटर आणि कोरडे दिवसही तितकेच. रोज एक सेंटीमीटर, दोघांत! एका आठवड्यात पाणी सातऐवजी दहा सेंटीमीटर उतरलं तेव्हा शोधाशोध केली. जोडातून थेंब-थेंब गळत होतं. काठी नसती तर महिनाभर कळलं नसतं.

एवढ्यात भागलं ते कोरड्या संडासामुळे, म्हणजे पाण्याऐवजी वरून भुसा टाकायचा. फ्लश एकदा ओढला की सहा ते नऊ लिटर जातात, मग उरतं काय? भुशामुळे वास येत नाही, पण भुसा संपला की येतो, हेही सांगून ठेवतो. अंघोळीचं पाणी झाडांना जातं. कपड्यांचं साबणाचं पाणी मात्र रोज एकाच झाडाला घालू नका, सोडियमनं माती घट्ट होते.

पहिल्या सरीचं पाणी बाहेर काढणारा पाइप घेताना कंजूषपणा केला. पहिल्याच पावसात पक्ष्यांची विष्ठा थेट टाकीत. आता पिण्याचं गाळून उकळतो. जंतू मारणारा यूव्ही (अतिनील) दिवा गढूळ पाण्यात कुचकामी, म्हणून तो अजून खोक्यातच आहे. सौर पंपाबद्दल तक्रार नाही.

आणखी दहा हजारांची टाकी घ्यावी असं वाटत होतं. हिशेब मांडला तर पावसाळ्यातला वापर धरून वाहून गेलेलं पाणी जेमतेम अडीच हजार लिटर. म्हणून तीन हजारांची घेतोय. त्यापुढे पत्राच अपुरा पडतो.