इंग्रजीतल्या चालू वर्तमानकाळाचा व्हिडिओ धडा: रचनेत पक्का, वापरात कच्चा

शिकवणीच्या मुलांना दाखवण्याआधी एका अ‍ॅपमधला हा धडा मी स्वतः शेवटपर्यंत पाहिला. बोलणाऱ्या बाईंचे उच्चार स्वच्छ, घाई नाही.

अ‍ॅम-इज-आर आणि क्रियापदाला आयएनजी, नकाराला मध्ये नॉट, प्रश्नात साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी. एवढं कुठलंही गाइड सांगतं. इथे खरी मेहनत स्पेलिंगवर घेतली आहे. 'मेक'चा ई गळतो, 'रन'चा एन दुप्पट होतो, 'लाय'मधल्या आयईच्या जागी वाय येतो. 'बिगिन'चा एन दुप्पट, मग 'व्हिजिट'चा टी एकच का? 'बिगिन' उच्चारताना जोर शेवटच्या भागावर पडतो, 'व्हिजिट'मध्ये पहिल्या. हे कारण बहुतेक शिक्षक गाळतात (आम्ही नुसतं पाठ करून घेतो), म्हणून या भागाला पैकीच्या पैकी.

वापराकडे वळल्यावर मात्र सगळा भर 'आत्ता चालू असलेली क्रिया' या एका ओळीवर. उड्या मारणारा मुलगा, पाणी पिणारी मुलगी, संपलं. एवढ्यावर सोडलेलं मूल बिनधास्त 'आय अ‍ॅम नोइंग हिम' म्हणणार. नो, बिलीव्ह, ओन अशी स्थिती सांगणारी क्रियापदं सहसा या काळात येत नाहीत, याबद्दल अवाक्षर नाही. 'शी इज हॅविंग लंच' बरोबर, पण 'शी इज हॅविंग टू ब्रदर्स' चूक, कारण पहिल्यात हॅव म्हणजे जेवणं, दुसऱ्यात नुसतं असणं. मुलं नेमकी इथेच अडखळतात. 'वी आर लीव्हिंग टुमारो' हा ठरलेला बेतही सांगितलेला नाही. वास्तविक 'आम्ही उद्या निघतोय' असं मुलं घरी बोलतातच, दोन वाक्यांत काम झालं असतं.

चाचणीत तर कहर आहे. 'ऑलवेज' दिसलं की साधा वर्तमानकाळ, असा नियम ठोकून 'ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज' हे वाक्य चूक ठरवलंय! सारखं तेच करणाऱ्या माणसावर वैतागून इंग्रजीत असंच बोलतात. सरळ सवय सांगायची तर साधा काळ, कटकट व्यक्त करायची तर हा. उत्तर लाल रंगात चूक दाखवून खाली स्पष्टीकरणाची एक ओळही नाही.

पाचपैकी तीन तारे, तेही स्पेलिंगमुळे. तेवढा भाग मुलांना दाखवेन, चाचणी मीच काढेन.