लाल शेरा की खोटं पकडणारा कॅमेरा?

ब्रिटनच्या गृहखात्याचं सॉफ्टवेअर २०१५ पासून व्हिसाच्या अर्जांवर हिरवा, पिवळा, लाल शेरा मारायचं. त्यात राष्ट्रीयत्वही जमेस धरलं जाई. काही देशांचा पासपोर्ट म्हणजे फाइल आधीच संशयाच्या गठ्ठ्यात! स्थलांतरितांच्या हक्कांसाठी लढणारी जेसीडब्ल्यूआय आणि तंत्रज्ञानाच्या गैरवापराविरुद्ध लढणारी फॉक्सग्लोव्ह या संस्था कोर्टात गेल्या. ऑगस्ट २०२० मध्ये खात्यानं ते सॉफ्टवेअर मुकाट्यानं गुंडाळलं. निकाल लागलाच नाही, त्यामुळे पायंडाही पडला नाही.

युरोपीय संघाच्या पैशातून झालेल्या ‘आयबॉर्डरकंट्रोल’ या सीमेवरच्या तपासणी-यंत्रणेच्या चाचणीत पडद्यावरचा आभासी अधिकारी सुटकेसमध्ये काय आहे ते विचारायचा आणि चेहऱ्याच्या हालचालींवरून खरंखोटं ठरवायचा. युरोपीय संसदेचे तेव्हाचे खासदार पॅट्रिक ब्रेयर यांनी या प्रकल्पाची कागदपत्रं मागितली; सगळी न मिळाल्यानं ते कोर्टात गेले. २०२३ मध्ये त्यांचं अपील फेटाळलं गेलं. बराच तपशील व्यापारी गुपित म्हणून झाकलेलाच राहिला. पैसा जनतेचा, गुपित कंपनीचं! त्यापेक्षा ब्रिटनमधला अर्धामुर्धा जाब मला उजवा वाटतो.