फलक लावावेत की शिवारफेरी काढावी?

मुलुंडच्या एका मैत्रिणीचं मुरबाडला कृषी पर्यटन केंद्र आहे. निसर्ग सांभाळून शेती करतो, हे मुंबईच्या पाहुण्यांना कळावं कसं? शेतात माहितीफलक लावावेत, की सोबत माणूस देऊन शिवारफेरी काढावी, यात ती अडकली आहे.

खर्च म्हणाल तर फलकांचा एकदाच. पण तिकडच्या पावसात फ्लेक्स लवकर फाटतो, शिवाय प्लॅस्टिकच्या फ्लेक्सवर ‘प्लॅस्टिक टाळा’ म्हणजे शोभाच! पत्र्यावर रंगवून घेतलेला बरा. फेरीला दर शनिवार-रविवारी बोलका माणूस लागतो, त्याची मजुरी आलीच.

खरा फरक विश्वासाचा. ‘शंभर टक्के सेंद्रिय’ फलकावर कुणीही लिहितं. फेरीत जीवामृताचं, म्हणजे शेण-गोमूत्राच्या पातळ खताचं, पिंपच उघडून दाखवता येतं: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. ढवळायला काठी हातात दिली की पोरं आधी नाक दाबतात, मग प्रश्नांची सरबत्ती. “युरिया अजिबात नाही?” भाताला थोडा पडत असेल तर तसं सांगून टाकावं, फलकावर ते कोण लिहितं?

नळापाशी आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी मात्र फलकच हवा.

शाळेच्या सहली, मोठे एकदिवसीय गट आणि हाताशी माणसं कमी असतील, तर फलक. मुक्कामी कुटुंबं येत असतील तर फेरी. मैत्रिणीकडे मुक्कामीच जास्त, तेव्हा तिने पैसे माणसावर घालावेत.